सुकतीचं टिपण

सुकती पुरी झाली की नाला होडीला आत घेत नाही,
म्हणून वाशिंग्तोनने पहाटेच इंजिनाची दोरी ओढली.
ते खोकलं, थुंकलं, मग चालू झालं.
मुइस्नेच्या खाडीत आम्ही तिघं :
तो, मी, आणि मधोमध एउदोसिया,
तिच्या पायाशी टमरेलात नारळाची सोडणं धुमसत.
डासांसाठी हा धूर.
चाळीस वर्षं तो सोबत घेऊन ती चिखलात उतरते,
खांद्यापर्यंत हात घालते मुळांखाली
आणि काळे शिंपले काढते, न बघता,
झोपेत कुणी उशीखालची किल्ली चाचपावी तसे.

माझ्याकडे सहा पारदर्शक घुमट,
सुया, लाल बुचांच्या बाटल्या, एक घड्याळ.
घुमट चिखलावर पालथा घालायचा,
दर दहा मिनिटांनी आतली हवा सुईने ओढायची,
बाटलीवर वेळ लिहायची.
चिखल काय सोडतो ते मोजायचं. एवढंच काम,
कितोहून इथवर येऊन.

"नासक्या अंड्याचा वास येतो, तोच ना?"
नाही, वाशिंग्तोन, ते गंधकाचं.
मी शोधते त्या मिथेनला वास नाही, रंग नाही.
"मग आहे हे कशावरून?"
एउदोसिया हसते, कमरेपर्यंत चिखलात :
"दिसत नाही, हुंगता येत नाही, तरी आहेच म्हणते.
पोरी, तू पाद्र्याकडे नोकरी धर."

मी सांगू बघते :
इथं पान गळतं, पण संपत नाही.
पाणी, मीठ आणि अंधार त्याच्यावर झाकण ठेवतात.
हजार वर्षांची पानं खाली थरावर थर,
अर्धी कुजलेली, अर्धी नुसतीच थांबलेली.
थोडं निसटतं. खेकड्याच्या बिळातून, मुळांच्या नळ्यांतून.
तेवढं चालायचंच.

मग आम्ही पलीकडे गेलो, मेलेल्या तळ्यावर.
कोळंबीला रोग आला त्या वर्षी मालक निघून गेला,
बांध फुटला, तो कुणी बांधला नाही.
बुंधे उरलेत, गुडघ्याएवढे.
चिखलाला भेगा, भेगांत मिठाची पांढरी रेघ.
एउदोसिया बांधावरून खाली उतरली नाही.
"इथं माझी बहीण बेनिल्दा शिंपले काढायची," म्हणाली,
आणि टमरेलातल्या सोडणांवर फुंकर घालत बसली
माझे तिन्ही घुमट होईपर्यंत.

परत येताना, पाणी चढायला लागलेलं,
तिने एकदम विचारलं :
"मी हात बाहेर काढते ना, त्या भोकातून बुडबुडे येतात.
ते पण तुझ्या हिशेबात?"

माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.
मी म्हटलं, काढ एक शिंपला.
तिने काढला. चिखलाने गुळणी केल्यासारखा आवाज केला.
त्या भोकावर मी घुमट ठेवला.
दहा मिनिटं. वीस. एक बारका खेकडा आत अडकून
भिंतीला नांगी लावून बघत राहिला.
ती वाट बघत उभी, दवाखान्यात
कागद हातात यायची वाट बघतात तशी.
बाटलीवर लिहिलं : ए.चा हात, नऊ चाळीस.

कितोत यंत्राने रेषा काढली.
मेलेल्या तळ्याची : डोंगर.
झाडीतल्या चिखलाची : चढ, पाय न दुखवणारा.
तिच्या हाताची : कागदावर बोट टेकून उचलावं
एवढा उंचवटा.
एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही.
तक्त्यात तो गेला नाही.

महिन्याने फोन आला, मागे कोंबडे, मागे रेडिओ.
"सांग, माझं किती पाप भरलं?"
मी खरं ते सांगितलं :
तुझ्या भोकापेक्षा आमच्या होडीच्या इंजिनाने जास्त सोडलं,
फक्त जाण्यायेण्यात.

पलीकडे बराच वेळ नुसता रेडिओ.
मग तिने फोनवर हात ठेवून वाशिंग्तोनला काहीतरी म्हटलं,
तो मोठ्याने हसला.
"पुढच्या खेपेला," ती म्हणाली,
"वल्हं मारत या. आणि ते तळं
आधी मोज, माझा हात नंतर."